दहा फुलपात्रं पाणी

बाळांनो,

गेल्या आठवड्यात तुम्ही दोघांनी फोनवर मला एक प्रश्न विचारलात. धाकटीला शाळेत उन्हाळ्याबद्दल काहीतरी लिहून न्यायचं होतं. घरातला एसी बंद पडला तर आजीच्या गावातली माणसं काय करतात, हे तिला हवं होतं. मी त्याच संध्याकाळी सात मुद्दे लिहून पाठवले. खिडक्या किती वाजता लावायच्या आणि किती वाजता उघडायच्या, वाळ्याचा पडदा कुठे टांगायचा, गच्चीवर काय अंथरायचं, पाय कधी पाण्यात ठेवायचे. धाकटे, तुझ्या बाईंना ते आवडले, त्यांनी ते वर्गात वाचून दाखवले, असा निरोप परवा आला.

ते सातही मुद्दे खरे आहेत. सगळे मी स्वतः करून पाहिलेले आहेत. पण आठवी एक गोष्ट मी लिहिली नाही, आणि ती न लिहिता मिळालेली शाबासकी मला घेववत नाही. आजोबा हृदयाच्या आजाराने गेले असं तुम्हाला सांगितलेलं आहे. दाखल्यावरही तसंच आहे. त्यांना दवाखान्यात नेण्याआधीचे पाच दिवस मात्र तुमच्या बाबांनाही मी नीट सांगितलेले नाहीत. मी आता एक्क्याऐंशी वर्षांची आहे. सांगायचं तर आताच सांगायला हवं.

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. सदतीस वर्षं मी साताऱ्याच्या शाळेत इंग्रजीच शिकवलं. पण इंग्रजीत मी फार नीटनेटकी लिहिते, आणि इथे अडचण नीटनेटकेपणाचीच झाली होती. तेव्हा मराठीत लिहिते. अडेल तिथे बाबांना विचारा.

सांगलीचं हे घर आम्ही आजोबांच्या आजारपणासाठी घेतलं. साताऱ्याला आमचं घर होतं, आजही आहे, किल्ल्याच्या अंगाला चढावर. तिथे एप्रिलमध्येही संध्याकाळी पाचला वारा सुटतो. आम्ही तिथे पंख्यावर आयुष्य काढलं. पण आजोबांचं हृदय अशक्त झालं, तीनदा रात्री-अपरात्री गाडी करून मिरजेला दवाखान्यात आणावं लागलं, आणि चौथ्यांदा तुमचे बाबा म्हणाले, आता तिथून हला. मिरज सांगलीला लागूनच आहे. म्हणून हा फ्लॅट, इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. दुपारी दोन वाजता भिंतीला हात लावला तर चटका बसतो. आजोबांच्या खोलीत एसी बसवला तेव्हा ते म्हणाले, "आता मला भाजीसारखं फ्रीजमध्ये ठेवा."

आजोबांच्या आजाराबद्दल तुम्हाला एवढंच कळलं तरी पुरे. अशक्त हृदयाला अंगातलं पाणी पुढे ढकलता येत नाही. मग पाय सुजतात, छातीत पाणी भरतं, धाप लागते. त्यासाठी रोज सकाळी लघवी होण्याची गोळी होती, आणि दिवसभरात पाणी, चहा, ताक सगळं मिळून दीड लिटर, त्याहून जास्त नाही. रोज सकाळी वजन करायचं. दोन किलोंनी वाढलं तर ताबडतोब फोन करायचा. डॉक्टरांनी हे एका कागदावर लिहून दिलं होतं. मी तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून भिंतीला लावला.

दीड लिटर मोजायची माझी पद्धत अशी होती. घरात एक जुनं स्टीलचं फुलपात्र आहे. औषधाच्या मापाने मी ते मोजून पाहिलं. काठापासून एक बोट खाली भरलं की बरोब्बर दीडशे मिलिलिटर. म्हणजे दिवसाची दहा फुलपात्रं. आजोबांच्या उशाशी मी दोन वाट्या ठेवल्या आणि एकीत दहा चिंचोके. एक फुलपात्र प्यायले की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. पहिली वाटी रिकामी झाली की दिवसाचं पाणी संपलं. वहीत वेळ, माप, वजन, गोळी, सूज आहे की नाही, असे रकाने आखले होते. तपासणीला गेलो की डॉक्टर ती वही बघून म्हणायचे, "अशी वही माझ्या सिस्टरसुद्धा ठेवत नाहीत." मला ते आवडायचं. हे लपवण्यात अर्थ नाही. मला ते फार आवडायचं.

आजोबांची नोकरी कालव्यावरची, पाटबंधारे खात्यातली. फलटण, इस्लामपूर, कडेगाव अशा बदल्या होत गेल्या. कालव्याचं पाणी शेतकऱ्याला ठरलेल्या तारखेला, ठरलेले तास मिळतं. त्याला पाळी म्हणतात, आणि कालवा एकदा सोडून बंद होईपर्यंतच्या काळाला आवर्तन. त्यामुळे चिंचोके बघून आजोबा हसत सुटले होते. "आयुष्यभर मी लोकांना पाळ्या लावल्या. आता तू मला लाव." तहान लागली की ते पाणी दे असं म्हणत नसत. "बाईसाहेब, पुढचं आवर्तन कधी?" असं विचारत. मी घड्याळ बघून सांगायची. कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला, ज्याला तिकडे टेल म्हणतात, तिथल्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचतच नाही, ही त्यांची जुनी तक्रार. संध्याकाळी सातचं दहावं फुलपात्र त्यांनी टेलचं पाणी ठरवून टाकलं होतं.

दिवसा त्यांना सांभाळायला मावशी येत. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा. वाळव्याकडच्या एका खेड्यातल्या, पन्नाशीच्या, अंगाने काटक. नवरा गेल्यावर मुलीकडे सांगलीला आल्या. त्याआधी जन्मभर दुसऱ्याच्या रानात ऊस खुरपला होता. आजोबांना त्या सायेब म्हणत आणि मला बाई. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून वही माझ्याकडे आणि माणूस त्यांच्याकडे, अशी वाटणी होती.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी एसीतून जळका वास आला आणि तो बंद पडला. लाइट दोन-तीनदा कमीजास्त झाले होते. मी फोन केला. संध्याकाळी दुरुस्तीवाले आले, चष्मा लावलेले, तुमच्या बाबांच्या वयाचे. स्टुलावर चढून त्यांनी झाकण काढलं आणि आतली हिरवी पट्टी मला दाखवली.

"बोर्ड गेलाय काकू. बघा, काळा पडलाय."

"मग बदला."

"पुण्यावरनं मागवायला लागतोय. उद्या रविवार. बुधवारी बसवून देतो."

"घरात पेशंट आहे हो."

"काकू, एप्रिल महिना हाय. सगळ्यांच्याच घरात कोण ना कोण हाय." मग त्यांनी आजोबांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बुधवार म्हणजे बुधवार. मी सोता येतो."

खालच्या मजल्यावर एक जैन कुटुंब राहतं. पेठेत त्यांचं हळदीचं दुकान आहे. त्या वहिनींना कळलं तशा त्या वर आल्या. म्हणाल्या, "काकांना आमच्या खोलीत आणा. दिवसभर एसी असतो. आम्ही काय, हॉलमध्ये झोपू." मी नको म्हटलं. पलंग, कमोडची खुर्ची, औषधांचा ट्रे, वजनकाटा, सगळं खाली न्यावं लागलं असतं. घडी विस्कटली असती. त्या दोनदा म्हणाल्या. मी दोनदा आभार मानले.

रविवारी सकाळी मी वेळापत्रक केलं. शाळेत तास बदलला की मी फळ्यावर नवं वेळापत्रक लावत असे, तसंच. सकाळी साडेसातला पूर्वेच्या खिडक्या बंद, पडदे खाली. नऊला गच्चीवर गोणपाट पसरून त्यावर पाच बादल्या पाणी. दहाला फरशी ओल्या फडक्याने पुसायची आणि पंखा सावकाश ठेवायचा. अकराला खिडकीत वाळ्याचा पडदा, त्यावर दर तासाला पाणी शिंपडायचं. बाराला ओल्या पंच्याने अंग पुसणं. दोनला पाय बादलीत. साडेसहाला पश्चिमेच्या खिडक्या उघडायच्या. धाकटीला पाठवलेले मुद्दे ते हेच. सकाळच्या खिडक्या मी लावायची, बाकीचं एकूण एक मावशींनी केलं. तळमजल्याच्या हौदातलं पाणी चार मजले चढून त्या एकट्या गच्चीवर नेत होत्या, कारण गच्चीवरचा नळ उन्हाने तापून कढत यायचा. खोलीत लावलेलं थर्मामीटर बाहेरच्यापेक्षा तीन अंश कमी दाखवत होतं. मी ते तीन अंश वहीत लिहिले. खाली रेघ मारली.

आजोबा म्हणाले, "साताऱ्याला जाऊ या का गं? अडीच तासांत पोचू."

"बुधवारी एसी होतोय. चार दिवसांसाठी कुठे हलायचं?"

"वाऱ्यात बसलो असतो."

"तुमचे डॉक्टर इथे आहेत," मी म्हटलं. 

त्या दिवशी मी डॉक्टरांना फोन केला. हे मला नीट लिहायला हवं. डॉक्टरांनी रविवार असूनही उचलला. मी सांगितलं, धाप नाही, सूज नाही, वजन काल एकसष्ट होतं, आज साठ आणि थोडं वर. ते म्हणाले, "छान चाललंय की. असंच चालू ठेवा." मी ठेवला. एसी बंद आहे हे मी त्यांना सांगितलंच नाही. लपवलं नाही. ती डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे असं मला वाटलंच नाही. एसीसाठी मी दुरुस्तीवाल्यांना फोन केला होता.

आणि वजनाबद्दल. कागदावर लिहिलं होतं की वाढलं तर फोन करा. कमी झालं तर काय, ते लिहिलेलं नव्हतं. म्हणून रोज सकाळी आकडा खाली आला की मला बरं वाटायचं. सोमवारी साठच्या खाली गेला. मी आजोबांना म्हटलं, "शाबास. पाणी अजिबात साठत नाहीये."

"मग बक्षीस म्हणून एक चिंचोका वाढव."

"बक्षीस बुधवारी."

त्या सोमवारी दुपारी मी स्वयंपाकघरात ओटा आवरत होते. दीड वाजला असेल. खोलीत पंख्याच्या आवाजात मला तांब्याचा आवाज आला. मी दारात गेले. मावशींनी आजोबांना पाठीमागे हात घालून उठवलं होतं आणि ते तांब्यालाच तोंड लावून पीत होते. पाणी हनुवटीवरून खाली गंजीफ्रॉकवर सांडत होतं. ते आयुष्यात कधी असे पाणी प्यायले नव्हते.

"मावशी, हे काय?"

त्या दचकल्या, पण तांब्या काढला नाही. त्यांचं पिऊन होऊ दिलं, मग पदराने त्यांची हनुवटी पुसली. "आवं बाई, घोटभर दिलं. व्हट बगा की सायबांचं, निस्तं पापड झाल्यात."

"हे कधीपासून चाललंय?"

"शनवारपास्नं. तुमी जरा पडला की देत हुते."

"आणि चिंचोके?"

 आजोबाच म्हणाले, "कालव्याचं दार मी उघडायला लावलं. मेमो द्यायचा तर मला दे. त्यांना नको."

मला राग आला होता. भीतीही वाटली होती, पण रागाने ती झाकली. आदल्या वर्षी आजोबांच्या छातीत पाणी भरलं होतं तेव्हाचा घरघर आवाज मी विसरले नव्हते. मी शाळेतल्या आवाजात बोलले. "डॉक्टरांनी दीड लिटर सांगितलंय. जास्त झालं की काय होतं ते तुम्ही पाहिलेलं नाही, मी पाहिलंय. उद्या यांना धाप लागली तर तुम्ही निस्तरणार आहात का?"

"न्हाई बाई. मला काय कळतंय त्यातलं."

"मग ज्यातलं कळत नाही त्यात हात घालू नका."

"व्हय. चुकलंच." त्यांनी तांब्या खाली ठेवला. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "पर बाई, ह्ये आत जातंय त्ये तुमी मोजताय. घाम कुटं मोजताय?"

 तेव्हा मला वाटलं, त्यांना उत्तर देणं मला शोभत नाही. मी तांब्या उचलला, स्वयंपाकघरात नेला आणि म्हटलं, "इथून पुढे पाणी मी स्वतः देईन." वहीत रकाना नव्हता, म्हणून समासात लिहिलं: शनि. ते सोम. माप चुकलेलं.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. आमचं लग्न होऊन वर्ष झालं होतं, आम्ही फलटणला होतो. उन्हाळी भुईमुगाचे दिवस. एक दिवस एक शेतकरीण कॉलनीत आमच्या दारात आली आणि ओरडायला लागली. तिची पाळी गुरुवारी होती, त्या दिवशी मंगळवार. आजोबा तिला तक्ता दाखवायला लागले. ती म्हणाली, "सायेब, कागद दावू नगा मला. रान बगायला चला." ते जेवण टाकून गेले. दोन तासांनी आले ते गुडघ्यापर्यंत चिखलात. दार उघडून आले होते, दोन दिवस आधी. वरून मेमो आला. खुलासा इंग्रजीत द्यायचा होता. मी नवी बी.ए. झालेली, मीच लिहून दिला, तीन परिच्छेद, एकही चूक नाही. लिहून झाल्यावर मात्र मी त्यांना म्हटलं, "पण मग नियम असतात कशाला?"

ते म्हणाले, "कागदावर गुरुवार होता गं. रानात गुरुवारपर्यंत काही राहिलं नसतं."

हे मला पन्नास वर्षं पाठ होतं. पाहुण्यांना मी ही गोष्ट सांगत असे, त्यांचं कौतुक म्हणून. त्या सोमवारी ती मला आठवली नाही.

मंगळवारी वजन साडेअठ्ठावन्न. तोपर्यंत आजोबा काट्यावर धड उभे राहत नव्हते, मावशींनी आणि मी दोन्ही बाजूंनी धरलं होतं. मी आकडा लिहिला. गोळी दिली. ते सकाळपासून कमी बोलत होते. मला वाटलं, उकाड्याने ग्लानी आली असेल. कातडी हाताला कोरडी लागत होती आणि मला वाटलं, बरं झालं, घाम थांबला, पंच्याचा उपयोग होतोय. मावशी काही बोलल्या नाहीत. त्या मुकाट्याने गोणपाटावर पाणी टाकून येत होत्या. दर तासाला पडदा भिजवत होत्या. मी विचारेन तेवढंच सांगत होत्या. मी त्यांना गप्प केलं होतं, आणि त्यांनी माझा शब्द पाळला.

साडेचारला आजोबांनी डोळे उघडले. "आवर्तन?"

मी वाटी पाहिली. एक चिंचोका राहिला होता. तो सातचा. आता दिला तर रात्री गोळ्यांबरोबर द्यायला काही उरलं नसतं. मी म्हटलं, "सातला. अडीच तास राहिलेत."

ते "बरं" म्हणाले.

बाळांनो, त्यांनी वाद घातला असता तर मी दिलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलेलं आहे. ते खरं असेलच असं नाही.

सात वाजता मी फुलपात्र भरून नेलं, तर ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "टेलला पोचलं का?" मी हसले. मला वाटलं, नेहमीची थट्टा. मग ते कडेगावच्या एका मुकादमाचं नाव घेऊन त्याला हाका मारायला लागले, तो माणूस जाऊन तीस वर्षं झाली. दार वर घे म्हणाले. मला कुणीतरी दुसरंच समजून म्हणाले, "साहेब, खालची लोकं थांबलीत." मी फुलपात्र ओठाला लावलं तर अर्धं बाहेर आलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "पोचलं का टेलला?" मी म्हटलं, "पोचलं." तेव्हा ते शांत झाले आणि झोपले. मी ती झोप समजले.

चिंचोका या वाटीतून त्या वाटीत टाकला. वहीतली ती शेवटची नोंद.

बुधवारी सकाळी साडेआठला मावशी आल्या. चप्पल काढायच्या आधी त्यांनी दारातूनच आजोबांकडे पाहिलं. "बाई, गाडी बोलवा," म्हणाल्या. मी म्हटलं, आधी वजन करू. तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्यावर ओरडल्या. "वजान कसलं करताय! मानूस वाळून गेलाय! गाडी बोलवा आदी!"

मिरजेच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आजोबांच्या पोटाची कातडी दोन बोटांत धरली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली. मी वही पुढे केली. त्यांनी चार पानं उलटली.

"पाणी किती देत होता?"

"दीड लिटर. बरोबर दीड लिटर."

"गोळी?"

"एकही चुकवलेली नाही."

"खोलीत एसी आहे?"

"शनिवारपासून बंद आहे."

त्यांनी वही मिटून माझ्या हातात परत दिली. मला त्या काहीही बोलल्या नाहीत. पुढच्या चार दिवसांतही कधी बोलल्या नाहीत. फार चांगली मुलगी होती. सलाईन लावलं, पण हळूहळू, कारण हृदयाला एकदम झेपणार नव्हतं. त्याच हृदयासाठी मी थेंब मोजले होते. मूत्रपिंडं बंद पडत चालली होती.

दुपारी मी त्यांचे कपडे आणि फाइल घ्यायला घरी आले. किल्ली खालच्या वहिनींकडे होती. दार उघडलं तर खोली गार होती. दुरुस्तीवाले बुधवार म्हणजे बुधवार आले होते, बोर्ड बसवून, एसी लावून गेले होते. वाळ्याचा पडदा सुकला होता. पलंगावरची चादर खोलगट राहिली होती, आणि त्यावर थंड वारा येत होता. वहिनी माझ्या मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "आता काका आले की त्यांना आराम पडेल." मी एसी बंद केला, फाइल घेतली आणि निघाले.

आजोबा रविवारी पहाटे गेले. मूत्रपिंडांपाठोपाठ हृदय थांबलं. तुमचे बाबा सोमवारी पोचले. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, आईने काही चुकवलं का? तो प्रश्न माझ्या काळजीपोटी होता, मला धीर मिळावा म्हणून. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "तुमच्या आईंसारखी काळजी कुणी घेत नाही. या वयात, या आजारात हे व्हायचंच होतं." कदाचित व्हायचं होतं. पण त्या आठवड्यात व्हायचं होतं का, ते मला माहीत नाही, आणि त्यांनाही नाही.  बाबा मला कवेत घेऊन रडले. मी तेव्हाही सांगितलं नाही.

तेरा दिवस झाल्यावर मावशी त्यांचे उरलेले डबे न्यायला आल्या. त्यांचं काम संपलं होतं. मी त्यांना बसवलं. सांगायचं ठरवलं होतं, तरी वाक्य जुळेना. शेवटी म्हटलं, "मावशी, तुमचं ऐकायला हवं होतं."

मला वाटलं होतं त्या म्हणतील, जाऊ द्या, त्यांची वेळ आली होती. सगळे तेच म्हणत होते. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"व्हय. ऐकाया पायजे हुतं." मग त्यांनी डबे बाजूला ठेवले. "पर मी तरी का थांबले? तुमी वरडला म्हनून थांबले. मला दिसत हुतं की. मंगळवारी लय वाटलं, तुमी मोरीत गेला की घोटभर घालावं. न्हाई घातलं. राग आला हुता मला तुमचा. म्हनलं, घेऊ दे बाईंना त्यांची वही." आणि त्या रडल्या. मी रडले नाही. मी उठून पाणी आणलं, त्याच फुलपात्रातून, आणि त्यांच्यासमोर धरलं. त्या ते सगळं प्यायल्या आणि म्हणाल्या, "आनि एक द्या."

मी त्यांना विचारलं, तुम्ही माझ्याकडे याल का? मला सांभाळायला नव्हे, मला अजून कुणी सांभाळायची गरज नाही. नुसतं यायचं. त्या म्हणाल्या, "बगू." आणि दुसऱ्या दिवशी आल्या.

धाकटे, तुझ्या बाईंना हे वाचून दाखवू नकोस. पण तुझ्या वहीत सात मुद्द्यांच्या खाली एक ओळ लिहून ठेव. खोली कितीही अंशांनी थंड केली तरी आतल्या माणसाला हात लावून बघायचं, त्याने मागितलं तर द्यायचं, आणि डॉक्टरांना फोन केलात तर एसी बंद आहे हे सांगायचं. फलटणचा तो खुलासा मी तीन परिच्छेदांत बसवला होता. हा तसा बसत नाही.

एसी चालतो. वही कपाटात आहे, चिंचोके तिच्याशेजारी डबीत आहेत. साताऱ्याचं घर झाडून ठेवलेलं आहे, पुढच्या एप्रिलमध्ये आम्ही दोघी तिथे जाणार आहोत. फुलपात्र रोजच्या वापरात आहे. मावशी सकाळी साडेआठला येतात, आधी स्वतः पाणी पितात, मग माझं भरून माझ्यासमोर ठेवतात आणि मी प्यायले की नाही ते उभ्या राहून बघतात.